ल्वारच्या काठाने सायकलवर: विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे सहा दिवस

फ्रान्सचा गावभाग बघायला सायकलीइतकं स्वस्त वाहन नाही. पण सायकल घेतली म्हणून सहल आपोआप स्वस्त होत नाही. रविवारी दुपारी सगळी दुकानं बंद मिळतात आणि रेस्तराँत वीस युरो जातात. गाडीत सायकलीची जागा राखलेली नसते, गाडी सुटते आणि रात्रीचं हॉटेल गळ्यात पडतं. एप्रिलमध्ये निघावं तर कँपसाइटच्या फाटकाला कुलूप. पैसे जातात ते असे, इथल्या घड्याळाचा आणि कॅलेंडरचा अंदाज नसल्यामुळे. त्यामुळे खाली सायकलीइतकंच वेळेबद्दलही लिहिलं आहे.

इथे शिकायला आलेल्या, तंबूत झोपायची तयारी असलेल्या आणि आधी कधी लांबची सायकल सहल न केलेल्या विद्यार्थ्यासाठी हा लेख आहे. दिवसाला २५ ते ३० युरो धरून चला. सायकल आणि तंबूचा खर्च वेगळा.

१. आधी मार्ग ठरवा

पहिल्या सहलीला ल्वार नदीचा काठ घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. 'ला ल्वार आ व्हेलो' हा नव्हेरजवळच्या क्युफीपासून अटलांटिकवरच्या सां-ब्रेव्हां-ले-पांपर्यंत जाणारा सुमारे ९०० किलोमीटरचा आखलेला सायकलमार्ग. 'युरोव्हेलो ६' या लांब पल्ल्याच्या मार्गाचा तो एक भाग. रस्ता जवळजवळ सपाट आहे, फाट्याफाट्यावर पाट्या आहेत, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नदीला धरून रेल्वेही जाते. गुडघा दुखला, पाऊस लागला, चाक वाकलं, तरी बहुतेक टप्प्यांत थोडं अंतर गेलं की स्टेशन सापडतं.

पूर्ण ९०० किलोमीटर पहिल्याच फेरीत करायच्या भानगडीत पडू नका. आंझे ते ऑर्लेआं हा साधारण २८० किलोमीटरचा पट्टा घ्या. सामानासह सायकलीचा सरासरी वेग ताशी १२ ते १५ किलोमीटरच पडतो. दिवसाला ५० किलोमीटर म्हणजे चार तास पेडल, आणि उरलेला वेळ किल्ले, बाजार नि सावली.

आता दिशा. माहितीपत्रकं बहुधा नदीच्या प्रवाहाबरोबर, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला सांगतात. ऐकायला बरं वाटतं, नदी वाहते तिकडे उतार असणारच. पण ऑर्लेआं समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटर उंचीवर आणि आंझे वीसेक मीटरवर. २८० किलोमीटरमध्ये ऐंशी मीटरचा उतार पायाला कळतही नाही. वारा मात्र कळतो. इथला वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. नदीच्या बांधावर आडोसा नसतो, आणि समोरचा वारा असला की सपाट रस्त्यावरही घाट चढल्यासारखं होतं. म्हणून आंझेहून निघा आणि ऑर्लेआंला संपवा.

दुसरे मार्ग थोडक्यात. तुलूज ते सेत हा कनाल द्यू मिदीचा काठ (२४० किलोमीटर) फोटोत फार सुंदर दिसतो. तुलूजच्या बाजूचे पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरीही आहेत. पुढे कच्ची वाट आणि झाडांची मुळं लागतात. अरुंद टायर असतील तर त्या वाटेला जाऊ नका. शनिवार-रविवारपुरतं जायचं असेल तर बुर्गोन्यमधली जिव्ह्री ते क्लुनी ही जुन्या रेल्वेमार्गावरची 'व्ह्वा व्हेर्त' घ्या. तिच्यावर मोटारींना बंदीच आहे.

२. केव्हा निघायचं

जून आणि सप्टेंबर उत्तम. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, परीक्षा संपलेल्या असतात, आणि शाळांच्या सुट्ट्या सुरू व्हायच्या असल्याने गर्दी कमी असते.

मे महिना फसवा. मे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विदर्भातलं ऊन येतं, आणि मग पातळ स्लीपिंग बॅग घेतली जाते. इथे ११, १२ आणि १३ मे या दिवसांना 'ले सां द ग्लास', म्हणजे बर्फाचे संत म्हणतात. ते उलटेपर्यंत जुने शेतकरी टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत. नदीकाठी रात्री पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. ५ अंशांच्या आरामदायक तापमानाची बॅग घ्या. बॅगेवर दोन आकडे छापलेले असतात, 'कॉन्फोर' आणि 'लिमित'. त्यातला पहिला बघा. दुसरा आकडा म्हणजे रात्रभर कुडकुडायची सोय.

नगरपालिकांच्या स्वस्त कँपसाइट बहुतेक एप्रिल-मे ते सप्टेंबर एवढ्याच उघड्या असतात. तारखा दर वर्षी आणि प्रत्येक गावात वेगळ्या. ऑक्टोबर अखेरच्या तूसांच्या सुट्टीत जायचं असेल तर तंबूचा विचार सोडा. मेमधल्या १ आणि ८ तारखा, असांसिओंचा (येशूच्या स्वर्गारोहणाचा) गुरुवार, १४ जुलै आणि १५ ऑगस्ट या सुट्ट्यांना दुकानं बंद किंवा अर्धा दिवस. आदल्या दिवशीच शिधा भरून ठेवा.

३. सायकल: काय घ्यायची आणि काय तपासायचं

दुकानात किंवा लबोंक्वां या जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर शोधताना 'व्हेतेसे' हा शब्द टाका. 'व्हेलो तू शमां' याचं ते लघुरूप, म्हणजे सगळ्या वाटांवर चालणारी सायकल. 'व्हेतेते' ही डोंगरी सायकल उगाच जड पडते. रेसची सायकल तर नकोच, तिच्यावर कॅरियर बसत नाही. वापरलेली धड व्हेतेसे १२० ते २०० युरोंत मिळते. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद हवेत, कारण ल्वारच्या वाटेवर बारीक खडीचे टप्पे बरेच आहेत.

विकत घेण्याआधी एवढं हाताने तपासा:

- चेन: एका पिनेच्या मध्यापासून २४ कड्या मोजा. नवीन चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिलिमीटर भरतं. ३०७ च्या वर गेलं असेल तर चेन संपली, आणि बहुधा मागची दातेरी चक्रंही. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.
- चाक: सायकल उचलून चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा. रिम डावी-उजवीकडे दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर स्पोक ढिले आहेत.
- पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे ढकला. हँडलपाशी टकटक झाली तर तिथलं बेअरिंग सैल आहे.
- पेडलचा दांडा धरून बाजूला हलवा. खेळ असेल तर दुरुस्ती महागात जाते. दुसरी सायकल बघा.
- टायरच्या कडेला भेगा.
- मागच्या एक्सलजवळ आणि सीटखाली कॅरियरसाठी आट्यांची भोकं आहेत का?

१ जानेवारी २०२१ पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींवर ओळख क्रमांक सक्तीचा आहे, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून दुकानदाराने विकलेल्या जुन्या सायकलींवरही. फ्रेमवर तो दिसतो. खासगी माणसाकडून घेत असाल तर क्रमांक आहे का, तो विकणाऱ्याच्याच नावावर आहे का आणि मूळ पावती मिळते का, ते विचारा. पावती नाही, किंमत अर्धी, आणि भेट स्टेशनबाहेर, असा मामला असेल तर सायकल चोरीची समजा. चोरीचा माल घेणं हा इथे गुन्हा आहे. परदेशी विद्यार्थ्याने ते झंझट ओढवून घेऊ नये.

जवळपास प्रत्येक विद्यापीठ-शहरात 'आतलिए दोतोरेपारासिओं', म्हणजे स्वतः दुरुस्ती करायची कार्यशाळा असते. थोडीशी वार्षिक वर्गणी भरली की सगळे पाने, स्टँड, जुने सुटे भाग आणि शिकवायला कुणीतरी मिळतं. निघण्याआधी तिथे एक संध्याकाळ काढा. टायर काढून ट्यूब बदलणं हातात बसेपर्यंत निघूच नका.

४. डावा हात, उजवा हात

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं, हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. ब्रेकचं तसं नाही. भारतातल्या सायकलींना उजव्या हातात पुढचा ब्रेक असतो. फ्रान्समध्ये पुढचा ब्रेक डाव्या हातात. उतारावर अचानक कुत्रं आडवं आलं की हात लहानपणची सवय ऐकतो. 'मागचा' म्हणून डावा ब्रेक करकचून दाबला जातो, पुढचं चाक जागच्या जागी अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे. मोकळ्या पार्किंगमध्ये जाऊन पंधरा-वीस वेळा थांबून बघा, आधी उजवा हात आणि मग हलकेच डावा. तरीही जमत नसेल तर कार्यशाळेत दोन्ही केबल अदलाबदल करून घ्या. पण मग सायकल कुणाला चालवायला देताना आठवणीने सांगा.

बाकीचे नियम. पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा, मागे लाल, रिफ्लेक्टर, दोन ब्रेक आणि घंटी, हे सगळं सक्तीचं. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट घालावंच लागतं. हेल्मेट बारा वर्षांखालच्या मुलांनाच सक्तीचं आहे, पण घाला. कानात इअरफोन किंवा हातात फोन असला तर १३५ युरो दंड. म्हणजे पाच दिवसांचं बजेट. वाइनच्या गावांतून जाताना हेही लक्षात असू द्या की दारूची, लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅमची, मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे.

गावातल्या चौकात पाटी किंवा सिग्नल नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो. नवख्यांचे अपघात इथेच होतात. सिग्नलखाली सायकलीचं चित्र आणि पिवळा बाण असलेली छोटी तिकोनी पाटी दिसली, तर लाल असतानाही बाणाच्या दिशेने, इतरांना वाट देत, जाता येतं.

नकाशावर रस्त्याच्या नावात 'डी' (D) असेल तर तो जिल्हा मार्ग. साधारणपणे त्यापुढचा आकडा तीन अंकी असेल तर वाहतूक कमी, एक-दोन अंकी असेल तर ट्रक. 'एन' म्हणजे राष्ट्रीय मार्ग, तो टाळाच. सायकलमार्गासाठी जेओव्हेलो हे ॲप चांगलं. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. वाटेत 'रूत बारे' म्हणजे रस्ता बंद आणि 'देव्हियासिओं' म्हणजे वळसा. हिवाळा-वसंतात नदी फुगली की खालच्या वाटा पाण्याखाली जातात, आणि त्या पाट्या उगाच लावलेल्या नसतात.

५. सामान: किती आणि कुठे

सगळं मिळून १२ किलोच्या आत. पाठीवर काहीही नको. पहिल्या दिवशी पाठीवरची सॅक हलकी वाटते आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना एकेक पिशवी, जड वस्तू तळाशी, दोन्हींचं वजन सारखं. तंबू कॅरियरवर आडवा. पिशव्या शक्य तेवढ्या मागे सरकवा, नाहीतर पेडल मारताना टाच घासते.

दुरुस्तीच्या पिशवीत: दोन ट्यूब, पंक्चरचे पॅच, टायर काढायचे तीन प्लॅस्टिकचे चमचे, पंप, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की, चेन जोडायची एक झटपट कडी, ब्रेकची एक जोडी रबरं, दहा-बारा केबल टाय, चेनच्या तेलाची छोटी बाटली. ट्यूब घेताना तोंड बघा. इथल्या बऱ्याच सायकलींना प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असतो. रिमचं भोक तेवढंच असेल तर मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह त्यातून जातच नाही. पंपही दोन्हींना चालेल असा हवा.

कॅरियरचे स्क्रू खडीच्या कंपनाने ढिले होतात. रोज सकाळी निघण्याआधी चारही स्क्रू ॲलन कीने पिळून बघायचे, यात कंटाळा नको. एक स्क्रू पडला की सगळं वजन दुसऱ्यावर येतं, तो तुटतो, आणि तुटलेली आटी फ्रेममध्येच अडकून बसते. मग केबल टायवर स्टेशन गाठायचं.

६. रेल्वेत सायकल

तीन प्रकारच्या गाड्या, तिन्हींचे नियम वेगळे.

प्रांतिक गाड्यांत (तेएर) उघडी सायकल सहसा फुकट नेता येते, जागा असेल तर. उन्हाळ्यात काही प्रांतांत, काही मार्गांवर सायकलीसाठी आधी जागा राखावी लागते. निघायच्या आठवड्यात त्या त्या प्रांताच्या संकेतस्थळावर सायकलीचं पान उघडून बघा. ल्वारकाठी दोन प्रांत येतात आणि दोघांचे नियम एकसारखे असतील असं धरू नका. ऑर्लेआं ते नांत या बाजूला उन्हाळ्यात सायकलींसाठी खास डबे जोडलेल्या गाड्याही धावतात.

'अँतेरसिते', म्हणजे शहरं जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलीची जागा आधीच पैसे भरून घ्यावी लागते. तेजेव्हेत, म्हणजे वेगवान गाडीत, मोजक्याच फेऱ्यांना उघड्या सायकलीची सोय असते. बाकी गाड्यांत चाकं काढून पिशवीत घालून न्यायची. पिशवी १२० बाय ९० सेंटिमीटरमध्ये बसली तर काळजी नाही. चाकं काढताना मागचं चाक शेवटी काढा आणि चेन सर्वांत लहान चक्रावर आणून ठेवा. जोडताना हात काळे कमी होतात.

डब्याच्या दारावर सायकलीचं चित्र असतं. फलाटावर आधीच त्या टोकाला जाऊन उभे राहा. पिशव्या आणि तंबू गाडी यायच्या आधीच उतरवून ठेवा. आत बहुधा छतापाशी आकडा असतो, त्याला पुढचं चाक अडकवून सायकल उभी टांगायची. बारा किलो सामान लादलेली सायकल कुणालाही तिथे चढवता येत नाही, आणि मागे रांग खोळंबली की शिव्या फ्रेंचमध्येही नीट कळतात.

पॅरिसमध्ये स्टेशन गाठायला सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९.३० आणि दुपारी ४.३० ते ७.३० या वेळात एरएरमध्ये, म्हणजे उपनगरी रेल्वेत, सायकल नेता येत नाही. मेट्रोचा विचार नको, सायकल चालवतच जा.

पॅरिसहून आंझेला स्वस्तात जायचं तर ऑस्तेरलिट्झ स्टेशनवरून ऑर्लेआं, आणि तिथून तूरमार्गे आंझे, प्रांतिक गाड्यांनी. वेळ जास्त लागतो पण सायकल उघडी जाते. वय २७ पर्यंत असेल तर ४९ युरोंचं वार्षिक 'कार्त आव्हांताज जन' काढा. वेगवान आणि अँतेरसिते गाड्यांत ३० टक्के सवलत मिळते, आणि दोन-तीन फेऱ्यांत पैसे वसूल.

७. मुक्काम

नकाशावर 'कँपिंग म्युनिसिपाल' शोधा. एक माणूस, एक तंबू, मोटार नाही, याला बहुधा १० ते १५ युरो पडतात. गरम पाण्याची अंघोळ, भांडी घासायचे ओटे, कधी कपडे धुवायचं यंत्र. चार तारे लावलेल्या, तरणतलाववाल्या कँपसाइटवर त्याच जागेचे दुप्पट मोजावे लागतात. दारावर 'आकॉय व्हेलो'ची हिरवी-पांढरी पाटी असेल तर सायकल ठेवायला सुरक्षित जागा आणि दुरुस्तीची थोडी हत्यारं मिळतात.

कचेरी दुपारी बंद असते आणि संध्याकाळी सात-आठनंतरही. उशिरा पोचलात तर रिकाम्या जागी तंबू लावा आणि सकाळी पैसे द्या. हे चालतं, फक्त न देता निघून जायचं नाही.

तंबू कुठेही ठोकता येतो, हा गैरसमज. समुद्रकिनारा, संरक्षित स्थळं, ऐतिहासिक वास्तूंपासून ५०० मीटरचा परिसर आणि पाणीपुरवठ्याच्या उगमाजवळची जागा इथे कायद्याने मनाई आहे. ल्वारच्या या पट्ट्यात किल्ले इतके आहेत की ते ५०० मीटर सारखे आडवे येतात. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी हवी. शेतघराच्या दारात जाऊन आधी 'बोंजूर' म्हणा, मग 'एस्क ज प प्लांते मा तांत इसी पूर युन न्वी?' (एका रात्रीसाठी इथे तंबू लावू का?) अंधार पडण्याआधी विचारलंत तर बहुधा नाही म्हणत नाहीत. 'बोंजूर' न म्हणता थेट प्रश्न टाकलात, तर मात्र तोच माणूस खांदे उडवून आत जाईल.

नदीतली वाळूची बेटं तंबूला मोहात पाडतात. तिकडे जाऊ नका. वसंतात आणि उन्हाळ्यात तिथे कुररी पक्षी अंडी घालतात, आणि बऱ्याच बेटांवर तेव्हा जायला मनाई असते. पोहायलाही उतरू नका. वरून ल्वार संथ, गुडघाभर दिसते. खाली वाळू सरकते आणि पायाखालचा तळ एका पावलात नाहीसा होतो.

८. जेवण आणि पाणी

गावातलं दुकान साडेबारा ते तीन बंद. रविवारी दुपारनंतर बंद. सोमवारी बेकरी बंद असण्याचीच शक्यता जास्त. हे तीन ठोकताळे पाठ असले की उपाशी राहायची वेळ येत नाही. रोज सकाळी दहाच्या आत दुपारचं आणि संध्याकाळचं घेऊन टाका. खिशात वीस-तीस युरो सुटे हवेत. छोट्या दुकानांत पाच-दहा युरोंखाली कार्ड घेत नाहीत, आणि काही कँपसाइटवर गरम पाण्यासाठी नाणं टाकावं लागतं.

गॅसच्या चुलीबाबत एक नेहमीचा सापळा. सुपरमार्केटमध्ये सहज मिळतात ते निळे काँपिंगाझचे डबे. त्यातले काही दाबून बसवायचे, काही भोक पाडून. तुमची चूल आट्यांची असेल तर यातला एकही तिला बसत नाही. आट्यांचा डबा खेळ-साहित्याच्या मोठ्या दुकानात, शहरात मिळतो. आंझेत निघतानाच २३० ग्रॅमचा एक घ्या. अर्धा लिटर पाणी उकळायला साधारण ८ ते १० ग्रॅम लागतात, एका माणसाला सहा दिवस पुरतो.

रव्याचंही तसंच. 'समूल' या एकाच शब्दाखाली दोन वस्तू विकतात. कुसकुसची 'समूल' आधीच वाफवलेली असते. तिला शिजवायचं नसतं. जेवढी समूल तेवढंच उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकली की झालं. गोडाच्या पदार्थांच्या रांगेतली 'समूल द ब्ले फीन' म्हणजे आपला बारीक रवा, तो शिजवावा लागतो. सहलीला पहिली बरी, गॅस वाचतो. खोलीवरूनच मोहरी, जिरं, हिंग, सुकी मिरची, उडीद डाळ आणि कढीपत्त्याची कोरडी फोडणी करून झाकणाच्या डबीत घ्या. पाऊण वाटी समूल, चमचाभर फोडणी, मीठ, पाऊण वाटी उकळतं पाणी, वर लिंबू. दहा मिनिटांत उपम्याच्या जवळपास जाणारं काहीतरी पोटात. त्यात ४०० ग्रॅमचा छोल्यांचा डबा निथळून टाकला की दोघांचं रात्रीचं जेवण.

शाकाहारी असाल तर नुसतं 'सलाद' किंवा 'कीश' लिहिलेलं बघून मागवू नका. 'लार्दों', म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, दोन्हींत सर्रास असतात. 'सां व्हियांद' (मांसाशिवाय) म्हटलं तर काही जण फक्त मोठा तुकडा काढून लार्दों तसेच ठेवतात. म्हणून 'सां लार्दों, सां जांबों' (लार्दों नको, हॅम नको) असं नाव घेऊन सांगा.

पाणी विकत घ्यायची गरज नाही. गावात नळ दिसला नाही तर दफनभूमी शोधा. फुलांना घालायला तिथे जवळपास नेहमी नळ असतो, आणि नकाशावर क्रॉसच्या खुणेने ती जागा सापडते. नळावर 'नों पोताब्ल' लिहिलं असेल तर मात्र प्यायचं नाही.

९. सहा दिवसांचा आराखडा

अंतरं ढोबळ आहेत. वळसे, चुकलेले रस्ते आणि बाजार धरले की पाच-दहा किलोमीटर वाढतात.

पहिला दिवस, आंझे ते सोम्यूर, ५५ किलोमीटर. सपाट, पाय मोकळे करायला चांगला.

दुसरा दिवस, सोम्यूर ते लांजेच्या आसपास, ५० किलोमीटर. हा दिवस घाईत उरकू नका. सोम्यूर ते मोंसोरो या पट्ट्यात वाट नदी सोडून द्राक्षमळ्यांतून वर चढते. इथला दगड तुफो, पांढरा आणि मऊ, नखाने खरवडला तर भुकटी हाताला येते. याच दगडाचे किल्ले बांधले, आणि दगड काढून उरलेल्या पोकळ्यांत लोकांनी घरं, वाइनची कोठारं, अळंबीची शेतं केली. उन्हात त्या गुहेच्या तोंडाशी सायकल उभी केली की आतून थंड हवा घोट्यांवर येते. चढ छोटा पण तीव्र आहे, सामान असेल तर उतरून ढकला. पुढे कांद-सां-मार्तांला व्हिएन नदी ल्वारला मिळते.

तिसरा, लांजे ते तूर, व्हिलांद्रीवरून ३५ किलोमीटर. कपडे धुवायचा आणि दुरुस्तीचा दिवस.

चौथा, तूर ते आंब्वाझ, २८ किलोमीटर. उरलेल्या वेळात शनोंसोचा किल्ला बघता येतो, पण तो ल्वारवर नाही, शेर नदीवर आहे, आणि मधे जंगलाचा चढ आहे.

पाचवा, आंब्वाझ ते ब्ल्वा, ४० किलोमीटर. सहावा, ब्ल्वा ते शांबोरचा किल्ला (२० किलोमीटर), बोजांसी आणि ऑर्लेआं. हा दिवस ७५ किलोमीटरच्या घरात जातो. जमत नसेल तर बोजांसीला गाडी पकडा, तिथे स्टेशन आहे. शांबोरच्या वनाभोवती ३२ किलोमीटरची भिंत आहे, त्यामुळे 'इथून आडवं जाऊ' हा विचार चालत नाही, दारातूनच जावं लागतं. शरद ऋतूपासून शिकारीचा हंगाम असतो. जंगलातून जाताना चमकणारं जाकीट दिवसाही अंगात ठेवा.

तिकिटांचं गणित. शांबोरसारख्या सरकारी वास्तूंत १८ ते २५ वयाच्या, युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्यांना प्रवेश फुकट आहे, नागरिकत्व भारतीय असलं तरी. पण विद्यार्थी ओळखपत्र त्याला पुरत नाही, निवास परवाना किंवा प्रमाणित केलेला दीर्घ मुदतीचा व्हिसा दाखवावा लागतो. शनोंसो, व्हिलांद्री, आंब्वाझ खासगी मालकीचे. तिथे विद्यार्थी सवलत मिळते, फुकट नाही. तिन्हींपैकी एक निवडा. आम्ही व्हिलांद्रीची बाग निवडू.

१०. सोबतची कागदपत्रं

- पासपोर्टची प्रत आणि मूळ निवास परवाना. व्हिसावर असाल तर प्रमाणित केल्याचा छापील कागद.
- विद्यार्थी ओळखपत्र.
- कार्त व्हिताल, म्हणजे आरोग्य विम्याचं कार्ड. अजून आलं नसेल तर आरोग्य विम्याच्या हक्काचं प्रमाणपत्र.
- 'रेस्पोंसाबिलिते सिव्हिल'चं प्रमाणपत्र. खोलीच्या विम्यात ते बहुधा असतंच. तुमच्या सायकलीने कुणाला इजा झाली किंवा मोटारीला ओरखडा गेला तर भरपाई यातून जाते. कागद शोधून फोनमध्ये ठेवा.
- सायकलीची पावती, ओळख क्रमांक आणि सायकलीचा फोटो.

आणीबाणीला ११२. बोलता किंवा ऐकता येत नसेल तर ११४ वर लघुसंदेश पाठवता येतो. गवतात बसून उठलात की संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघा. औषधाच्या दुकानात 'तीर-तीक' नावाचा छोटा आकडा मिळतो. तो गोचिडीखाली सरकवून फिरवत वर घ्यायचा, तेल किंवा काडी लावायची नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टरकडे जायचं.

११. परतीचा रविवार टाळा

रविवारी संध्याकाळी ऑर्लेआंहून पॅरिसकडे जाणाऱ्या गाड्यांत सायकलींची झुंबड उडते. सायकल टांगायचे आकडे भरले की तिकीट असूनही सायकल चढवू देत नाहीत, आणि तसा अधिकार त्यांना आहे. शनिवारी संध्याकाळी किंवा सोमवारी गर्दीनंतर परता. रविवारच हवा असेल तर दुपारी दोनच्या आतली गाडी बघा, वीस मिनिटं आधी फलाटावर पोचा, पिशव्या उतरवा, आणि सायकलीच्या डब्याच्या जागी जाऊन उभे राहा.